जुनी गाडी घेताना

आमच्या खांब परिसरात जुनी गाडी बहुधा ओळखीच्या माणसाकडून घेतली जाते. ओळख असली की कागद मागण्यास संकोच वाटतो आणि तेथेच फसगत होते. पैसे दिले की गाडी ताब्यात येते. परंतु कायद्याने मालक तोच, ज्याचे नाव आरसी बुकात आहे.

जमीन घेताना आपण सातबाऱ्यावरील बोजा पाहतो. तसा आरसी बुकातही कर्जाचा बोजा असतो. बँकेत आम्ही पाहतो की, हप्ते फिटूनही अनेक जण तो उतरवून घेत नाहीत. म्हणून बँकेचा ना-हरकत दाखला व सहीचा फॉर्म ३५ आधी मागावा. इंजिन व चासी नंबर गाडीवर स्वतः वाचून बुकाशी जुळवावेत. विमा, पीयूसी व थकलेली चलने तपासावीत. माहितीतला मेकॅनिक सोबत न्यावा. रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

व्यवहाराच्या दिवशीच फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात; मात्र ते कपाटात ठेवू नयेत. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार राज्यातल्या राज्यातील विक्री विकणाऱ्याने १४ दिवसांत व घेणाऱ्याने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायची असते. एमएच ०६ गाड्यांचे कार्यालय पेण येथे आहे. विमा बदलण्यासाठीही १४ दिवसांत अर्ज करावा.

हातोहात विकल्या गेलेल्या एका गाडीच्या अपघातात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली भरपाईची जबाबदारी नोंदीतील मालकावरच टाकली. तेव्हा ओळखीच्या माणसाकडेही कागद निःसंकोच मागावेत. नाव बदलले की तोही मोकळा होतो व आपणही निर्धास्त होतो.