सीपॅप यंत्र, वीज आणि प्रवास : एका रात्रीचा जमाखर्च

रुग्णालयात दाखल असलेल्या रुग्णाला विजेची चिंता करावी लागत नाही. मुख्य पुरवठा खंडित झाला तरी जनरेटर सुरू होतो. रुग्ण घरी गेला की ही जबाबदारी त्याच्या कुटुंबावर येते. झोपेत वारंवार श्वास अडण्याच्या विकारावर, म्हणजे स्लीप ॲप्नियावर, डॉक्टर ज्यांना सीपॅप यंत्र वापरण्यास सांगतात, त्यांचा उपचार तर संपूर्णपणे विजेवरच अवलंबून असतो. चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांतील अशा कुटुंबांना उपयोगी पडावी, म्हणून ही माहिती आम्ही यंदाच्या अहवालात देत आहोत.

यंत्र नेमके काय करते ?

या विकारात झोप लागल्यावर घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो व रक्तातील प्राणवायू कमी होतो. मेंदू रुग्णाला क्षणभर जागे करून श्वास पुन्हा सुरू करतो. रात्रीतून हे अनेकदा घडल्याने झोप पुरी होत नाही, दिवसा पेंग येते आणि रक्तदाब व हृदयविकाराचा धोका वाढतो. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात या उपचाराची माहिती प्रथम प्रसिद्ध केली. सीपॅप यंत्र स्वतः ऑक्सिजन तयार करीत नाही. ते खोलीतीलच हवा गाळून ठराविक दाबाने मास्कवाटे देते आणि त्या दाबाने श्वासमार्ग उघडा राहतो. हा दाब म्हणजे छपराला दिलेला टेकू होय. टेकू असेतोवर छप्पर सावरलेले असते, काढला की ते पुन्हा खाली येते. म्हणूनच यंत्र बंद पडलेल्या रात्री विकार परत येतो.

दिव्याखाली अंधार

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅट क्षमतेचे असून महानिर्मितीच्या केंद्रांमध्ये ते सर्वांत मोठे आहे. तरीही जिल्ह्यातील आडवळणाच्या गावांत रात्री वीज जाते. वीज तयार होणे वेगळे आणि ती शेवटच्या घरापर्यंत पोहोचणे वेगळे. आपल्याकडे वाहिन्या मैलोगणती जंगलातून जातात. वैशाख-ज्येष्ठातील वादळात फांदी तारेवर पडली, तर बिघाड शोधण्यातच रात्र सरते. पावसाळ्यात नद्या वाट अडवतात. पर्लकोटा नदीच्या पुरामुळे भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग वारंवार आले आहेत. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्यामुळे वैनगंगेला आलेल्या पुराने ब्रह्मपुरी तालुक्यातील अनेक गावे वेढली गेली. पूर्वीच्या भारनियमनाला निदान वेळापत्रक असे. वादळाला व पुराला ते नसते. त्यामुळे तयारी आधीच करणे भाग आहे.

विजेचा जमाखर्च

कार्यालयात आम्ही रुपयांचा जसा हिशेब मांडतो, तसाच घरातील बॅटरीचाही मांडता येतो. घरगुती इन्व्हर्टरला बहुधा १२ व्होल्ट, १५० ॲम्पिअर-तासांची बॅटरी असते. १२ गुणिले १५० म्हणजे १,८०० वॅट-तास ही तिची कागदोपत्री जमा. परंतु शिशाची बॅटरी दीर्घकाळ टिकावी, तर निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. उरलेल्या ९०० पैकी काही वीज इन्व्हर्टरमध्येच खर्ची पडते. तेव्हा हाती येणारी खरी जमा सुमारे ७५० वॅट-तास धरावी. बॅटरी जुनी असेल तर त्याहूनही कमी.

आता आठ तासांच्या रात्रीचा खर्च पाहू. सीपॅप यंत्र मध्यम दाबावर सुमारे ३० वॅट घेते, म्हणजे रात्रभरात २४० वॅट-तास, साधारण पाव युनिट. पण हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर तापता ठेवला, तर हाच खर्च ७० वॅटच्या आसपास, म्हणजे रात्रीला ५६० वॅट-तासांवर जातो. छताचा जुना पंखा ७० वॅटचा असल्यास तोही ५६० घेतो. दोन तास लावलेल्या एलईडी दिव्याचे १८ धरावेत.

ह्युमिडिफायरसह यंत्र, जुना पंखा व दिवा मिळून खर्च १,१३८ होतो. जमा ७५०. रात्र पहाटेपूर्वीच तुटीत जाते. ह्युमिडिफायर बंद केल्यास खर्च ८१८ वर येतो, तरीही थोडी तूट राहते. जुन्या पंख्याऐवजी ३० वॅटचा बीएलडीसी पंखा बसविला, तर एकूण खर्च ४९८ होऊन शिल्लक उरते. हे आकडे अंदाजाचे आहेत. दाब जास्त असेल किंवा मास्कमधून हवा गळत असेल, तर खर्च वाढतो. आपल्या यंत्राचा खरा खर्च प्लगमध्ये लावण्याच्या छोट्या वॅटमीटरने मोजता येतो. बोध मात्र स्पष्ट आहे : मोठी बॅटरी विकत घेण्यापूर्वी खर्च कमी करावा.

येथे निसर्गही थोडी मदत करतो. पुरामुळे वीज जाण्याचा काळ पावसाळ्याचा, आणि त्या दिवसांत हवेतच ओलावा भरपूर असतो. तेव्हा ह्युमिडिफायर बंद ठेवल्याचा त्रास बहुतेकांना फारसा जाणवत नाही. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत नाक-घसा कोरडा पडू शकतो. त्यासाठी नाकात घालावयाचे सलाइनचे थेंब डॉक्टरांना विचारून जवळ ठेवावेत. ह्युमिडिफायरशिवाय झोपण्याची सवय एखाद्या साध्या रात्री करून पाहावी, म्हणजे अडचणीच्या रात्री ती नवी वाटत नाही.

साधने घेताना व वापरताना

इन्व्हर्टर शुद्ध साइन वेव्ह प्रकारचाच घ्यावा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर यंत्राचा वीजपुरवठा करणारा भाग किंवा ह्युमिडिफायर बिघडू शकतो. यंत्र थेट बॅटरीवर चालवायचे असल्यास त्याच कंपनीची व त्याच मॉडेलची डीसी वायर वापरावी, कारण काही यंत्रे १२ व्होल्टवर तर काही २४ व्होल्टवर चालतात. उभ्या मोटारीच्या बॅटरीवर यंत्र रात्रभर चालवू नये. सकाळी मोटार सुरू झाली नाही, तर पूर आल्यावर बाहेर पडण्याचे साधनच हातचे जाते. जनरेटर घरात, पडवीत किंवा खिडकीजवळ कधीही चालवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपेतच जीव जाऊ शकतो. विजा कडाडत असताना यंत्राचा प्लग काढून ते बॅटरीवर घ्यावे.

वीज संपलीच तर

यंत्र बंद पडल्यास प्रथम मास्क काढावा. बंद यंत्राचा मास्क लावून झोपल्यास उच्छ्वासाचीच हवा पुन्हा आत घेतली जाण्याचा धोका असतो. त्यानंतर पाठीवर न झोपता कुशीवर झोपावे आणि डोक्याकडील बाजू उशा किंवा पलंगाखालच्या विटांनी उंच करावी. त्या रात्री मोहाची असो वा दुकानातील, दारू घेऊ नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय झोपेची गोळीही घेऊ नये. दोन्हींमुळे घशाचे स्नायू अधिक सैल पडतात.

पुढचा दिवस अधिक जपण्याचा असतो. कोळसा खाणीतील डंपर, ट्रक, एसटी बस किंवा स्वतःची मोटारसायकल चालविणाऱ्यांना अपुऱ्या झोपेनंतर क्षणभर लागलेली डुलकी महागात पडते, आणि ती केवळ त्यांनाच नव्हे. झोप पुरी झाली नसेल त्या दिवशी वाहन हाती घेऊ नये. कुटुंबीयांनीही तसा आग्रह धरावा.

सर्वसाधारण सीपॅप रुग्णाला यंत्राविना गेलेली एखादी रात्र त्रासदायक असली, तरी सहसा जिवावरची नसते. बायपॅप यंत्रावर असलेले किंवा घरी ऑक्सिजन लागणारे काही रुग्ण याला अपवाद आहेत. पाच लिटरचे ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर सुमारे ३०० वॅट किंवा त्याहून अधिक वीज घेते, म्हणजे वर मांडलेली जमा ते अडीच तासांतच संपविते. अशा घरी भरलेले सिलिंडर हवेच. “वीज नसेल तर आमचा रुग्ण किती तास राहू शकेल ?” हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना आजच विचारून उत्तर लिहून ठेवावे. पुराचा इशारा मिळताच, रस्ता बंद होण्याआधी, अशा रुग्णाला जवळच्या रुग्णालयात हलवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि वीज तक्रारीसाठी १९१२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेले असावेत.

प्रवासाला निघताना

मार्कंड्याची महाशिवरात्रीची यात्रा असो, महाकालीची चैत्र यात्रा असो वा नात्यातील लग्न, यंत्र घरी ठेवून जाऊ नये. निघण्यापूर्वी ह्युमिडिफायरमधील पाणी ओतून टाकावे, अन्यथा ते यंत्रात शिरते. मुक्कामी पलंगाजवळ प्लग असेलच असे नाही, म्हणून लांब वायरचा एक्स्टेन्शन बोर्ड बरोबर घ्यावा. कोळशाची धूळ असलेल्या भागात जाताना एक जादा फिल्टरही ठेवावा. निदान, दाब आणि यंत्राचे मॉडेल नमूद केलेले डॉक्टरांचे पत्र कागदपत्रांत असावे.

गडचिरोली जिल्ह्यातील रुग्णांना रेल्वेसाठी वडसा, चंद्रपूर किंवा बल्लारशा गाठावे लागते. रेल्वेच्या डब्यातील सॉकेट मोबाइलसाठी असतात. आगीचा धोका लक्षात घेऊन रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत ते बंद ठेवण्याचा निर्णय रेल्वेने २०२१ मध्ये अमलात आणला. त्यामुळे रात्रीच्या प्रवासात स्वतःची बॅटरी असावी, अथवा शक्यतो दिवसाचा प्रवास निवडावा. रात्रीच्या बससाठीही हाच सल्ला.

विमानप्रवासात यंत्र व सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातील सामानात ठेवाव्यात. १०० वॅट-तासांपर्यंतची बॅटरी सहसा चालते, १०० ते १६० पर्यंतच्या बॅटरीस विमान कंपनीची परवानगी लागते आणि त्याहून मोठी बॅटरी नेता येत नाही. म्हणजे घरी रात्रभर पुरणारी ३०० वॅट-तासांची बॅटरी विमानात चालणार नाही. परदेशी मुलांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांनी यंत्राच्या ॲडॉप्टरवर १०० ते २४० व्होल्ट असे लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असल्यास तेथील प्लगचा सांधा तेवढा लागतो.

देणगीदारांना विनंती

सीपॅप यंत्राची देणगी मौलिक आहे, परंतु ज्या घरी रात्री वीज टिकत नाही, तेथे ते दान अर्धे राहते. यंत्राबरोबर बॅटरी, साइन वेव्ह इन्व्हर्टर किंवा कमी विजेचा पंखा दिला, तर ते पुरे होते. वापरलेले यंत्र देऊ इच्छिणाऱ्यांनी त्याचे मॉडेल आधी कळवावे. जून २०२१ मध्ये फिलिप्स रेस्पिरॉनिक्स कंपनीने आवाज शोषणाऱ्या फोममधील दोषामुळे आपली अनेक यंत्रे परत मागविली होती आणि तशी यंत्रे आम्ही पुढे देऊ शकत नाही.

रुग्णांच्या कुटुंबीयांना आमचे एवढेच सांगणे आहे : डॉक्टरांनी यंत्र लिहून दिले की त्याच कागदाच्या मागे विजेचा जमाखर्च मांडावा. पावसाळ्यापूर्वी एका रात्री मुख्य बटन मुद्दाम बंद करून पाहावे. त्या रात्री बॅटरी कमी पडली, तर दुरुस्तीला वेळ असतो. पुराच्या रात्री तो नसतो.