बाणाचं तोंड आधी तपासा

शिक्रापूरच्या आसपास, सणसवाडीपासून रांजणगाव एमआयडीसीपर्यंत, सुटे भाग बनवणारे कारखाने पुष्कळ. तिथे प्रोसेस फ्लो चार्ट लागतोच: माल कुठून येतो, कुठे तपासला जातो, नापास झाला तर कुठे जातो. पण चार्टची मूळ फाइल बरेचदा सापडत नाही. उरतो तो भिंतीवरच्या लॅमिनेट केलेल्या कागदाचा मोबाइलवर काढलेला फोटो. अशा फोटोवरून ग्राफविझ किंवा मर्मेड या मजकुरावरून आकृती काढणाऱ्या प्रोग्रामना समजेल अशी मजकुराची फाइल करून देणं, हे माझं काम.

काम फायद्याचं आहे. ‘तपासणी -> पॅकिंग’ एवढी ओळ लिहिली की चौकटी, बाण आणि मांडणी प्रोग्रामच करतो. बदल करायचा तर ओळ बदलायची. जुन्या-नव्या आवृत्तीत काय फरक पडला, तेही ओळीगणिक दिसतं.

धोका कुठे आहे, ते एका कारखान्याच्या फाइलवरून कळलं. त्यांनी फोटो एआयला देऊन फाइल करून घेतली होती. चित्र देखणं होतं, त्यावर सह्याही झाल्या होत्या. मी ते लाइनवर दाखवलं, तर ऑपरेटरने लगेच विचारलं, “साहेब, रिवर्कचा माल आता चेक करायचा नाही का?” फोटोत रिवर्कचा, म्हणजे दुरुस्त केलेल्या मालाचा, बाण परत तपासणीकडे जात होता, नव्या चित्रात थेट पॅकिंगकडे. त्या जागी दोन रेषा एकमेकींना छेदत होत्या आणि लॅमिनेशनवर दिव्याची चकाकी पडली होती. दिसलं नाही म्हणून एआय बरेचदा जागा रिकामी सोडत नाही, शोभेल असं काहीतरी भरतं. ओळ व्याकरणात बरोबर असल्याने प्रोग्रामही हरकत घेत नाही.

टेसरॅक्टसारखं ओसीआर मराठी अक्षरं वाचतं, पण कोणता बाण कुठून कुठे जातो ते सांगत नाही. म्हणून मी आता काम या क्रमाने करतो.

फोटो समोरून, चकाकी टाळून काढायला सांगतो आणि व्हॉट्सअॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवतो. साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बाणांची बारीक टोकं पुसट होतात.

मग प्रिंटवर प्रत्येक चौकटीला क्रमांक देतो आणि बाणांची ‘कुठून-कुठे’ अशी यादी हाताने लिहितो. फाइल कोणीही करो, माणूस किंवा एआय, ती या यादीशी ताडायची. दोन चित्रं शेजारी ठेवून नव्हे. मांडणी बदललेली असल्यामुळे डोळा फसतो.

चौकटीचं नाव आणि तिची ओळख वेगळी ठेवा. चार्टमध्ये ‘तपासणी’ दोनदा असेल आणि फाइलमध्येही तेच नाव दोनदा वापरलं, तर ग्राफविझ दोन्हींची मिळून एकच चौकट करतं. क१, क२ अशी ओळख द्या, ‘तपासणी’ हे फक्त लेबल ठेवा.

‘हो’ आणि ‘नाही’ कोणत्या बाणावर आहेत, ते स्वतंत्र तपासा. इथे अदलाबदल झाली तर नापास माल पास होतो. चौकट कोणत्या विभागाच्या रकान्यात आहे, हेही लिहून घ्या, कारण नव्या मांडणीत मूळ जागा टिकत नाही. ग्राफविझमध्ये देवनागरी फॉन्टचं नाव स्पष्ट द्या, नाहीतर अक्षरांऐवजी ठोकळे येऊ शकतात.

जो बाण नीट दिसत नाही, तो अंदाजाने जोडू नका. तुटक लाल रेषेने दाखवा आणि विचारा.

मापात काढलेला मशीन लेआउट मात्र या वाटेने नेऊ नका. ग्राफविझ मांडणी करताना मुख्यतः कोण कोणाला जोडलंय एवढंच बघतं. दोन मशीनमधलं अंतर त्यात हरवतं. आणि सही घ्यायची ती ऑफिसातल्या साहेबांआधी लाइनवरच्या माणसाची. त्याला चार्ट वाचायला सांगा. चुकलेला बाण तोच पहिला पकडतो.