सैनिक शाळेची नववीची प्रवेश परीक्षा

सैनिक शाळांची प्रवेश परीक्षा २०२१-२२ च्या सत्रापासून राष्ट्रीय चाचणी संस्थेमार्फत घेतली जाते. नववीच्या ४०० पैकी २०० गुण एकट्या गणिताला आहेत. १५० प्रश्नांसाठी १८० मिनिटे मिळतात. प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजीतच असते, आणि खरी अडचण तिथेच आहे. व्यस्त चलनाची उदाहरणे सहज सोडविणारा मराठी माध्यमाचा विद्यार्थी ‘इन्व्हर्स व्हेरिएशन’ या शब्दापाशी अडखळतो. म्हणून पालकांनी किंवा थोरल्या भावंडांनी प्रथम दोन्ही भाषांतील पारिभाषिक शब्दांची वही त्याच्याकडून करून घ्यावी. सराव प्रश्नपत्रिका त्यानंतर. चुकीच्या उत्तराचे गुण वजा होत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नये. अनुसूचित जाती-जमातींचे उमेदवार वगळता इतरांना प्रत्येक विभागात किमान २५ टक्के गुण आवश्यक असल्याने केवळ गणितावर भिस्त ठेवणे धोक्याचे ठरते.