कळपातली शेवटची गाय

दावण मोडून मी मुक्तसंचार गोठा केला तेव्हा चौदा गाई मोकळ्या झाल्या आणि शेणघाणीचं काम निम्म्यावर आलं. दुधाची वही रोज सांगायची, गाईमागं सरासरी बारा लिटर. त्या आकड्यावर मी निर्धास्त होतो.

त्याच आकड्याआड माझी पहिलारू चांदणी खंगत गेली. व्यायल्यावर दोन महिन्यांत तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या, शेपटीच्या बुडाशी खळगा पडला. डॉक्टर आले. औषध लिहिण्याआधी त्यांनी मला वैरण टाकायला लावली आणि कुंपणाबाहेर उभं केलं. कुट्टी पडताच मोठ्या गाई गव्हाणीला भिडल्या. चांदणी दोन पावलं पुढं आली. थोरल्या गाईनं नुसती मान वळवली, तशी ती मागं सरली. तासाभरानं तिची पाळी आली तेव्हा गव्हाणीत फक्त निवडून टाकलेली धांडं होती. हे रोज घडत होतं आणि मी मात्र वैरण टाकून लगेच निघून जात होतो.

चांदणी सावरली, पण त्या वेताचं दूध गेलं ते गेलंच.

म्हणून सांगतो, वैरण टाकल्यावर पंधरा मिनिटं गप्प उभे राहा. शेवटी कोण खातं, पाण्यावरून कोणाला हुसकावलं जातं, ते बघा. मग गाईच्या मागं उभं राहून डावी भकाळी पाहा. शेवटच्या बरगडीमागचा तो खड्डा खोल दिसला, तर तिचं पोट भरलेलं नाही. महिन्यातून एकदा प्रत्येकीच्या अंगावरचं मांस हातानं चाचपून एक ते पाच गुण द्या. निरोगी गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. बाकीच्या रवंथ करत बसलेल्या असताना एखादी रोजच उभी दिसली, तर तिला बसायला जागा मिळत नसेल किंवा खूर दुखत असतील. चालताना पाठीची कमान होत असेल, तर खूर लगेच तपासून घ्या.

गव्हाणीवर प्रत्येकीला दोन-अडीच फूट जागा हवी. पाण्याच्या दोन टाक्या दोन टोकांना ठेवा, म्हणजे एकच गाय दोन्ही अडवू शकत नाही. पहिलारूंचा कप्पा वेगळा करा. नवी गाय कळपात एकटी सोडू नका, जोडीनं सोडा.

माझ्या वहीत आता लिटरच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: आज शेवटी कोणी खाल्लं? एकच नाव तीन दिवस आलं, की चौथ्या दिवशी त्या गाईची गव्हाण वेगळी होते.