पाळी सर्वांना मिळावी

संगणक एकाच वेळी पुष्कळ कामे करतो, असे आपल्याला वाटते. खरे तर तो थोडा वेळ एक काम करतो, थोडा वेळ दुसरे. ही पाळी इतकी भराभर बदलते की आपल्या लक्षातही येत नाही.

'गो' ही संगणकाची भाषा गूगल कंपनीने २००९ साली जाहीर केली. या भाषेतील छोट्या कामाला 'गोरुटीन' म्हणतात. सुरुवातीला त्याला जेमतेम २ किलोबाइट जागा पुरते. म्हणून एका प्रोग्राममध्ये हजारो गोरुटीन सहज चालतात. त्यांच्या पाळ्या लावणाऱ्या व्यवस्थेला 'रनटाइम' म्हणतात.

पूर्वी एक मोठी अडचण होती. काम करताना गोरुटीनने दुसऱ्या फंक्शनला बोलावले, तरच रनटाइम त्याला थांबवू शके. एखादे गोरुटीन कोणालाही न बोलावता नुसती आकडेमोड करीत बसले, तर ते पाळी सोडतच नसे. नको असलेली माहिती काढून जागा मोकळी करताना सर्वांना क्षणभर थांबावे लागते. हे एकटे थांबत नसे आणि बाकीचे सारे त्याची वाट पाहत खोळंबत. कधी कधी संपूर्ण प्रोग्रामच अडकून पडे.

फेब्रुवारी २०२० मध्ये 'गो १.१४' आली आणि तिने यावर उपाय केला. परंतु सर्व संगणकांवर एकच उपाय चालेना. लिनक्समध्ये 'सिग्नल' पाठवण्याची सोय आहे. शाळेची घंटा वाजली की मुले हातातले काम थांबवतात, तसेच हे आहे. विंडोजमध्ये मात्र अशी घंटा नाही. तेथे रनटाइम चालू काम जागच्या जागी रोखतो, ते कोठवर आले आहे हे पाहतो, पाळी सोडण्याची सूचना त्यात ठेवतो आणि मग त्याला पुन्हा चालू करतो.

प्रोग्राम लिहिणाऱ्याला यातले काहीच करावे लागत नाही. तो एकदाच लिहितो. प्रत्येक ठिकाणची रीत रनटाइम सांभाळतो. रीत वेगळी असली, तरी नियम एकच : पाळी सर्वांना मिळावी.

शब्दार्थ
जेमतेम – फार थोडी, कशीबशी पुरेल एवढी
खोळंबणे – अडून राहणे
रीत – पद्धत

स्वाध्याय
१. पूर्वी संपूर्ण प्रोग्राम का अडकून पडे?
२. लिनक्स आणि विंडोज यांतील उपायांत कोणता फरक आहे?
३. 'वाट पाहणे' हा वाक्प्रचार वाक्यात वापरा.