हलके गाणे म्हणजे हलके काम नव्हे



धानाची कापणी-मळणी आटोपली की आपल्या झाडीपट्टीत मंडईचे व शंकरपटाचे दिवस येतात आणि गावोगावी रात्रभर नाटके होऊ लागतात. नाटकात एखादे ठेक्याचे, चटकदार गाणे आले की तरुण मंडळी टाळ्या पिटतात; मागे शाल पांघरून बसलेले वृद्ध मात्र मान हलवून म्हणतात, "गाणे बिघडले." हाच वाद घरोघरीही चालतो. गतवर्षी संमेलनासाठी एका मुलाने आनंदी चालीचे एक गाणे म्हणण्याची परवानगी मागितली, तेव्हा ते पुरते न ऐकताच मी नकार दिला. मुलगा काही न बोलता निघून गेला. पुढे मला ते टोचू लागले, म्हणून या प्रश्नाचा थोडा अभ्यास केला. तोच येथे मांडीत आहे.

मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे नाव तुमच्या आजोबांस ठाऊक असेल. त्यांचा जन्म १८९८ साली आळंदी येथे झाला. भास्करबुवा बखले हे त्यांचे गुरू. ग्वाल्हेर, आग्रा व जयपूर या तिन्ही घराण्यांची विद्या बुवांनी कष्टाने मिळविली होती. अशा गुरूच्या शिष्याने गंभीर ख्यालगायकीच पुढे चालवावी, अशी रसिकांची अपेक्षा असणे स्वाभाविक होते. तथापि कृष्णरावांची वृत्ती मुळातच खेळकर. मैफलीत ते सुरांशी लपंडाव खेळत, अनपेक्षित जागा घेऊन श्रोत्यांस हसवीत. कोणी त्यावर लुब्ध होत, तर कोणी गांभीर्य गेले म्हणून नाक मुरडीत.

गंधर्व नाटक मंडळीत पुष्कळ वर्षे काढल्यावर ते पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीकडे वळले. 'धर्मात्मा' (१९३५), 'अमरज्योती' (१९३६), 'माणूस' (१९३९) व 'शेजारी' (१९४१) या बोलपटांना त्यांनी संगीत दिले. येथे कामाची रीतच निराळी होती. मैफलीत एक ख्याल अर्धा-पाऊण तास रंगविता येतो. त्या काळच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूस मात्र सुमारे तीन मिनिटांचेच गाणे मावे. आलाप, ताना, बोल यांचा जो विस्तार बैठकीत होतो, त्याचा अर्क काढून तो चार-दोन ओळींच्या चालीत भरावा लागे. आणि ती चाल गायनाचे शिक्षण नसलेल्या मनुष्यासही गुणगुणता यावी लागे. हे काम सोपे, असे ऐकणाऱ्यालाच वाटते.

'माणूस' या चित्रपटातील त्यांचे गाजलेले गाणे पाहा. समाजाने टाकलेली मैना ही स्त्री ते गाते. उद्याची चिंता कशाला, असा त्याचा सूर असून एकाच गाण्यात देशातील निरनिराळ्या भाषांची कडवी येतात. चाल इतकी उडती की ऐकणाऱ्याचा पाय आपोआप ठेका धरतो. परंतु जिला उद्याची आशाच उरलेली नाही, तिच्या तोंडी हे शब्द आहेत, हे ध्यानी आले म्हणजे त्याच उडत्या चालीने मन गलबलते. दुःख सांगण्यास रडकाच सूर लागतो असे नाही, हे या गाण्याने दाखविले.

अशी फाटाफूट केवळ आपल्याच देशात होते असे नाही. इंग्लंडात १९७६ च्या सुमारास 'पंक' नावाचे कर्कश व बंडखोर संगीत पुढे आले. त्यातील 'द डॅम्ड' या वाद्यवृंदाचा कॅप्टन सेन्सिबल हे टोपणनाव घेतलेला वादक १९८२ साली 'हॅपी टॉक' हे १९४९ च्या एका संगीत नाटकातील गोड गाणे गाऊन तेथील विक्रीच्या यादीत पहिला आला. ज्याने गोडपणाविरुद्ध बंड केले, त्यानेच गोड गाणे गावे, हे पाहून कोणी हसले असतील, कोणी रुसले असतील. बंडखोरानेही आपल्याच चाहत्यांच्या आज्ञेत राहावे, ही मागणी तरी किती न्याय्य?

आता कृष्णरावांचे पुढचे काम पाहा. १९४२ साली 'कुलवधू' नाटकासाठी त्यांनी सुटसुटीत चाली बांधल्या व त्या घरोघरी पोहोचल्या. त्याच गृहस्थांनी 'वंदे मातरम्' हे गीत झिंझोटी रागात अशा रीतीने बसविले की ते समूहाने म्हणता यावे व वाद्यवृंदावर वाजविता यावे, आणि ते राष्ट्रगीत व्हावे म्हणून अविश्रांत खटपट केली. २४ जानेवारी १९५० रोजी 'जन गण मन' राष्ट्रगीत ठरले व 'वंदे मातरम्'लाही समान मान देण्यात आला. १९७१ साली कृष्णरावांस पद्मभूषण मिळाले. १९७४ साली ते निवर्तले. ज्या हाताने उडती चाल बांधली, त्याच हाताने हे गंभीर कार्यही केले. सर्वांच्या तोंडी बसेल अशी चाल बांधण्याची विद्या दोन्हीकडे एकच होती.

यावरून मी एवढेच शिकलो की, गाणे जलद आहे की संथ, यावरून त्याची योग्यता ठरत नाही. शब्द काय सांगतात, चाल त्या शब्दांना साजते काय, आणि गाणाऱ्याने त्यासाठी मेहनत घेतली आहे काय, हे तीन प्रश्न विचारावे. मुलांनो, आनंदी गाणे निवडा, पण त्याचा रियाझ ख्यालाइतक्याच निष्ठेने करा. पालकांनो, गाणे शेवटपर्यंत ऐका आणि मग निकाल द्या.

त्या मुलाला मी बोलावून त्याचे गाणे पुरते ऐकले. दोन ठिकाणी ताल चुकला, तो सुधारावयास सांगितला. यंदाच्या संमेलनात ते आपणा सर्वांस ऐकावयास मिळेल.