गच्चीवर स्कॅनरची अँटेना

प्रश्न : कोपरगावात आमचे दुमजली घर आहे. गच्चीवर स्कॅनर रेडिओची अँटेना लावायची आहे. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी दूरसंचार विभागाचा हौशी रेडिओ परवाना काढा. काकडी गावचा शिर्डी विमानतळ जवळ असला, तरी विमानांचे किंवा पोलिसांचे संदेश ऐकण्याच्या फंदात पडू नका. हौशींच्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी साधी ग्राउंड-प्लेन अँटेना पुरते : मधोमध सुमारे ४९ सेंटीमीटरची उभी सळई, खाली ४५ अंशांत झुकलेल्या चार सळया. केबल ५० ओहमची, शक्य तितकी आखूड घ्या. सांध्यात पाणी शिरू नये म्हणून वॉटरप्रूफ टेप गुंडाळा. अँटेना ज्यावर बसवाल तो पाइप पडला तरी विजेच्या तारांना लागणार नाही, एवढे अंतर ठेवा. पाइपाला अर्थिंग द्या. वळवाचे ढग दिसताच, कडकडाट सुरू होण्याआधी, केबल सेटपासून काढा.